उंबरासमोर बसलेली मुलं

ईशान आणि मीरा,

मागच्या रविवारी फोनवर ईशान म्हणाला की शाळेत त्यांना रानात हरवलेल्या एका मुलाची कादंबरी लावली आहे. त्या मुलाने पहिल्या दिवशी झोपडी बांधली, दुसऱ्या दिवशी भाला तयार केला आणि तिसऱ्या दिवशी ससा मारून भाजून खाल्ला. "आजी, मराठीत असं पुस्तक आहे का?" असं त्याने विचारलं. मी "आहे" म्हणाले, तेवढ्यात तुमची पोहायला जायची वेळ झाली. राहिलेलं उत्तर लिहून पाठवते आहे. आईकडून वाचून घ्या. एखादा शब्द अडला तर तिला विचारा. तिलाही अडला तर मला फोन करा, मात्र इथे किती वाजले आहेत ते बघून.

पुस्तक आहे. त्यात एक भाऊ आणि एक बहीण कोयनेच्या जंगलात हरवतात. ती झोपडी बांधत नाहीत, भाला करत नाहीत, आणि सशाला त्यांच्यापासून कसलाही धोका नाही. हे पुस्तक चौगुले अक्कांनी लिहिलं. विश्रामबागेत आपल्या कुंपणाच्या भिंतीला लागून जे बैठं घर आहे, ते त्यांचं. मागच्या दिवाळीनंतर त्या गेल्या. तुम्ही त्यांना एकदा पाहिलं आहे, पण तेव्हा मीरा रांगत होती आणि ईशानला ताप होता, त्यामुळे तुम्हाला आठवत नसणार.

अक्का मूळच्या कृष्णाकाठच्या. माहेर शेतकरी, जैन. त्यांचे यजमान कोयना प्रकल्पात नोकरीला होते, म्हणून लग्नानंतरची बरीच वर्षं त्या कोयनानगरच्या वसाहतीत राहिल्या आणि तिथल्याच शाळेत भूगोल शिकवत. यजमान गेल्यावर त्या सांगलीला आल्या. मूलबाळ नव्हतं. अजित नावाचा एक भाचा होता, भावाचा मुलगा. तो हळदीचा व्यापार करतो आणि अजूनही त्या घराची देखभाल तोच करतो.

कोयनेला जमीन अधूनमधून हलते. तिथे राहिलेल्या माणसाच्या घरात ते दिसतं. अक्कांच्या स्वयंपाकघरात डोक्याच्या वर काहीही ठेवलेलं नसे. फळ्या होत्या, पण रिकाम्या. सगळे डबे कमरेच्या खाली, तीर्थंकरांची तसबीरसुद्धा एका बुटक्या कपाटावर. पाहुण्याने पेला ओट्याच्या कडेला ठेवला की अक्का बोलत बोलत तो आत सरकवत. रस्त्याने वाळूचा ट्रक गेला की आधी पेल्यातल्या पाण्याकडे बघत, मग पुढचं वाक्य बोलत.

जैन माणसं जेवणाच्या बाबतीत काही नियम पाळतात. जमिनीखाली वाढणारं खायचं नाही, म्हणजे कांदा, बटाटा, लसूण, गाजर नाही. मध नाही. पाणी कापडातून गाळून प्यायचं. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही. यातलं कुणी थोडं पाळतं, कुणी जास्त. अक्का सगळं पाळत, आणि दुसऱ्याला कधी सांगायला जात नसत. फक्त घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. संध्याकाळी पोळीचा घास हातात घेऊन त्या मागच्या दारात येत, पश्चिमेला बघत आणि मला विचारत, "मॅडम, हाय का अजून?" सूर्य त्यांच्या दारातून दिसत नसे, समोरच्या इमारतीच्या आड जाई. माझ्या गच्चीवरून दिसे. मी "आहे" म्हटलं की घास तोंडात जाई.

वर्गात त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलत असणार, कारण त्यांचं पुस्तक तसं आहे. घरी मात्र त्यांची भाषा नदीकाठची होती आणि ती बदलावी असं त्यांना कधी वाटलं नाही. मला मॅडम म्हणत, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं. ते त्यांना काहीसं दयनीय वाटे. "कविता शिकवून पोरं वाट कशी शोधायची?" असं एकदा त्यांनी मला अगदी सहानुभूतीने विचारलं होतं.

वाट हरवण्याबद्दल त्यांचं पक्कं मत होतं. हरवलं की बसायचं. एकदा आम्ही दोघी शनिवारच्या बाजाराला गेलो आणि गर्दीत चुकामूक झाली. मी भाजीच्या सगळ्या गल्ल्या दोनदा पालथ्या घातल्या. शेवटी पहिल्याच गल्लीच्या तोंडाशी, जिथे आम्ही एकमेकींना शेवटचं पाहिलं होतं, तिथे अक्का एका पेंडीच्या पोत्यावर बसलेल्या सापडल्या. पेंडवाल्याने त्यांना चहाही दिला होता.

"अक्का, मी तुम्हाला केव्हाची शोधते आहे!"

"मी हितंच हाय. तुमीच हरवलासा."

"पण मी फिरत होते ना, तुम्हाला शोधत."

"त्यालाच हरवणं म्हंत्यात," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

तर एके दिवशी अक्का वहीच्या आकाराच्या कागदांचा एक गठ्ठा घेऊन माझ्याकडे आल्या. "तुमी पुस्तकं वाचता न्हवं? मग हे वाचा. चुका काढू नका, गोष्ट कशी हाय ते सांगा." गोष्टीत सम्मेद आणि पद्मी अशी दोन भावंडं होती. थोरला सम्मेद अकरा वर्षांचा, पद्मी सहा वर्षांची. आईबरोबर ती कोयनानगरला मामाकडे येतात, एका वासरामागून रानात जातात आणि धुक्यात वाट चुकतात. वासरू संध्याकाळी आपलं आपण घरी येतं. मुलं येत नाहीत.

लिहिणं साधं आणि चांगलं होतं. रान तर असं होतं की माझे पाय ओले झाल्यासारखे वाटले. पण पहिल्या प्रकरणाच्या मध्यावर मुलं हरवतात आणि एका कपारीखाली बसतात, ती प्रकरण संपेपर्यंत बसलेलीच. दुसऱ्या प्रकरणातही बसलेली. तिसऱ्यात एक अस्वल येतं. अस्वल त्यांच्याकडे बघतं. ती अस्वलाकडे बघतात. अस्वल निघून जातं आणि प्रकरण संपतं.

"अक्का, चांगलं आहे," मी म्हणाले. "पण काही घडत नाही."

"हरवल्यावर काय घडवायचं नसतंय मॅडम. घडवाय गेलं की माणूस कड्यावरनं पडतंय."

"मग ती घरी कशी येणार?"

"धुकं गेलं की. सम्मेदला विजेच्या तारांचे मनोरे दिसतील. तारांच्या खालनं चालत आलं की वसाहत. मी आखून ठेवलंय." त्यांनी पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढलेला होता, प्रमाणासह.

"मग?"

"मग काय. धुकं जाईस्तवर खात्यात काय, हे ठरना झालंय."

इथेच सगळं अडलं होतं. गोष्ट भाद्रपदातली होती. करवंदं, जांभळं उन्हाळ्यात संपलेली. चातुर्मास असल्याने पालेभाजीही चालत नव्हती. कंद तर चालतच नव्हते. पाण्याची सोय होती, पद्मीच्या परकराच्या घेरातून गाळून दोघं ओढ्याचं पाणी पीत. आणि कपारीच्या बरोबर समोर, अक्कांनी पहिल्याच प्रकरणात लिहून ठेवल्याप्रमाणे, एक मोठं उंबराचं झाड होतं. फळांनी लगडलेलं.

ईशान, तू उंबर पाहिलेलं नाहीस. ते अंजिरासारखं एक फळ असतं, लालसर. फोडलं की आत बारीक चिलटं असतात. त्या जिवांमुळे जैनांना ते अगदी वर्ज्य आहे, कंदापेक्षाही जास्त. अक्कांनी दोन भुकेली मुलं नेमकी त्याच्यासमोर बसवून ठेवली होती.

"मग ते झाड काढून टाका," मी म्हणाले. "दुसरं एखादं लावा. पेरू लावा."

"झाड हाय तिथं हाय. वसाहतीच्या मागं, ओढ्याच्या वर. मी बघितलंय. खोटं कसं लिहू?"

"मग गोष्ट मे महिन्यात न्या."

"मे महिन्यात ओढ्याला पाणी नसतंय. आणि करवंदाला निम्मा गाव रानात. लगीच सापडतील की."

त्यानंतर वर्ष उलटलं तरी मुलं तिथेच होती. रोज सकाळी मी झाडांना पाणी घालताना भिंतीपलीकडे विचारत असे, "अक्का, मुलं कशी आहेत?" आणि उत्तर येई, "बसल्यात." समोरच्या कुलकर्ण्यांनी एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की अक्कांची नातवंडं नेमकी कुठे बसलेली असतात आणि त्यांना शाळा नाही का.

एकदा आम्ही दोघी ते झाड बघायला कोयनेला गेलो. अक्कांचा आग्रह होता. एसटीने कराड, तिथून पाटण, मग घाटातली वळणं. मला वळणांचा त्रास झाला, अक्कांना झाला नाही. वसाहतीच्या मागे चढून गेल्यावर खरोखर ती कपार होती, आणि समोर उंबर. अक्का कपारीखाली बसल्या. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, मुद्दाम. मी शेजारी छत्री धरून बसले. दुपारपर्यंत आम्ही तशाच होतो. मग वानरांची एक टोळी आली आणि आमच्यासमोर उंबरं खाऊ लागली. त्यांनी निम्मी खाल्ली, निम्मी अर्धवट चावून खाली टाकली. एक पिल्लू तर नुसतंच फोडून टाकत होतं.

अक्का बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "भूक लागती हो मॅडम."

"लागणारच. दुपार झाली."

"न्हाई, म्हंजे, लय लागती. मी लिहिताना एवढी धरली न्हवती." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन प्रकरणं फाडली आणि नव्याने लिहिली. आता पद्मी रडू लागली होती. आधी ती रडत नव्हती.

पुण्यातल्या एका बालसाहित्याच्या प्रकाशनाला पहिली प्रकरणं आवडली होती. तिथली संपादक मुलगी अधूनमधून फोन करी. फोन स्पीकरवर असे, कारण अक्कांना फोन कानाला लावणं पसंत नव्हतं.

"काकू, वातावरण एकदम मस्त जमलंय," ती एकदा म्हणाली. "पण मुलं अगदीच पॅसिव्ह वाटतात. रानात टिकून राहायची गोष्ट आहे ना? त्यांनी काहीतरी पकडायला हवं. निदान ओढ्यातला एखादा मासा?"

"माशानं काय केलंय त्यांचं?" अक्कांनी विचारलं.

"बरं, मासा नको. मध? पोळं काढताना छान थरार येईल."

"मध न्हाई चालत."

"कंदमुळं?"

"ती तर न्हाईच."

"मग काकू, ती जगणार कशी?"

"तेच बघायलेय," अक्का म्हणाल्या आणि तिच्या आईची तब्येत विचारून फोन ठेवला.

याच सुमारास अक्कांना जिना चढताना दम लागू लागला. आमच्या गच्चीवर यायच्या, तर मधल्या पायरीवर बसू लागल्या. मिरजेला नेऊन तपासण्या केल्या. हृदयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करायला हवी आणि उशीर करून चालणार नाही. अक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं, हृदयाची आकृती बघितली, नद्यांची नावं विचारावीत तशी एकेका वाहिनीचं नाव विचारलं, आणि म्हणाल्या, "करू की. पोरं घरी पोचली की करू."

डॉक्टरांना वाटलं मुलं परदेशातून यायची आहेत. त्यांनी विचारलं, तिकिटं कधीची आहेत.

अजितला सगळा प्रकार माहीत होता. त्या दिवशी तो अक्कांच्या स्वयंपाकघरात उभा राहून आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडला. मी पलीकडच्या खोलीत औषधं लावत होते.

"आत्ती, येड लागलंय का तुमाला? पोरं कागदावरची हाईत! तुमचं काळीज खरं हाय!"

"ओरडू नगंस. पेला पडंल."

"पडू दे पेला! डॉक्टर काय म्हणाले ऐकलंसा न्हवं? कवा बी काय बी हुईल. त्या पोरांचं मागनं बघता येतंय."

"आणि मी टेबलावरच गेले तर?"

अजितने कडेचा पेला उचलून आत सरकवला.

"मग ती तिथंच ऱ्हात्यात," अक्का म्हणाल्या. "तुला कोण तरी हाय रं. तुझी बायको हाय, आई हाय. त्यांना माझ्याबिगर कोण हाय? मीच नेऊन बसवल्यात."

"मग आणा की घरला! उंबर खाऊ द्या न्हाईतर दगड खाऊ द्या!"

"तू खाशील व्हय उंबर?"

अजित कांदा बाहेर खातो, हे मला माहीत आहे आणि अक्कांनाही माहीत होतं. पण उंबर तो खाणार नाही.

"बघ," अक्का म्हणाल्या. "आणि सम्मेद अकरा वर्षांचा हाय."

तो पावसाळा होता. चातुर्मासात जैन मुनी प्रवास थांबवून एका गावी मुक्काम करतात. नदीपलीकडच्या एका गावात एका महाराजांचा मुक्काम होता. अक्का म्हणाल्या, त्यांनाच विचारू. अजितने आम्हाला गाडीतून नेलं. महाराज दिवसातून एकदाच, उभ्याने, आपल्या ओंजळीत घेऊन जेवत. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. भुकेबद्दल विचारायला अक्कांनी माणूस योग्य निवडला होता.

मंडपात बरीच माणसं होती. प्रवचन संपल्यावर लोक एकेक शंका विचारत होते. अक्का उठल्या, हात जोडले.

"नमोस्तु महाराज. माझी दोन पोरं कोयनेच्या रानात अडकल्यात. लय दिवस झालं. पोटात काय न्हाई."

पुढच्या रांगेतला एक फेटेवाला ताडकन उठला. "आवं अक्का, मग हितं काय करतासा? पोलिसात कळवलंय का? माझा मेव्हणा पाटणला फॉरेस्टात हाय, थांबा!" त्याने खिशातून फोन काढून लावलाही. बायका उठून अक्कांभोवती जमल्या, एकीने त्यांना पाणी आणलं, गाळलेलं. अजित माणसं ओलांडत पुढे धावला. "पुस्तकातली हाईत हो! पुस्तकातली!"

फेटेवाला फोनमध्ये म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं. पुस्तकातली हाईत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "मला तरी काय म्हाईत," तो म्हणाला आणि खाली बसला.

महाराज हसले नाहीत. त्यांनी अक्कांना पुढे बोलावलं.

"समोर खायला काय आहे?"

"उंबर. दुसरं काय न्हाई."

"मुलं किती वर्षांची?"

"थोरला अकराचा. धाकटी सहाची."

"आठ वर्षांच्या आतल्या मुलावर नियमाचा भार नसतो," महाराज म्हणाले. "तो त्याच्या आईवडिलांवर असतो."

"आईबाप तिथं न्हाईत, महाराज. तीच तर गोष्ट हाय."

"मग तिथे कोण आहे?"

"कोण न्हाई. रान हाय."

"तुम्ही आहात," महाराज म्हणाले.

अक्कांनी जोडलेले हात खाली घेतले आणि विचारलं, "आणि थोरला?"

"त्याला तिथे कुणी नेऊन बसवलं?"

अक्कांनी वाकून नमस्कार केला आणि त्या मागे आल्या. गाडीत अजितने विचारलं, "झालं का आत्ती समाधान? काय ठरलं?" तर म्हणाल्या, "गप गाडी चालीव." दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा करून एकट्याच पुन्हा महाराजांकडे जाऊन आल्या. कशाला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवसांत मी रोज डबा द्यायला जाई. डबा खिडकीतून घेत. एकदा खिडकीतूनच म्हणाल्या, "पद्मीनं खाल्लं."

"आणि सम्मेदने?"

"तो तोंड फिरवून बसलाय. पद्मी म्हणती, तू खाईनास तर मी बी न्हाई. तिनं हातातलं टाकून दिलंय. लय हट्टी हाय पोरगी. मी सांगून ऐकंना."

आणखी दोन-तीन दिवसांनी, दुपारी, मी भिंतीजवळ कपडे काढत होते. अक्का मागच्या दारात आल्या. चेहरा पांढरा पडला होता, दाराला धरून उभ्या होत्या.

"मुलं कशी आहेत?" मी विचारलं.

"पोचली."

"केव्हा?"

"आत्ता. अंधार पडल्यावर. वसाहतीत दिवे लागलं हुतं."

"जेवली?"

"जेवत्यात," अक्का म्हणाल्या. "अजितला फोन करा. म्हणावं, कवा जायचं मिरजेला."

पुस्तकात ते प्रकरण फक्त दीड पानाचं आहे. सम्मेद उंबर खातो, ते एका वाक्यात आहे. त्या आधीचं पद्मीचं भांडण मोठं आहे. मग धुकं उठतं, मनोरे दिसतात, मुलं तारांच्या खालून चालत वसाहतीत येतात. दार आई उघडते. सम्मेद आत येण्याआधीच सांगतो, "आई, मी उंबर खाल्लं. पद्मीला मीच दिलं." दिवस केव्हाच मावळलेला असतो आणि त्या घरात अंधार पडल्यावर कधी जेवण झालेलं नसतं. पुस्तकाचं शेवटचं वाक्य असं आहे: "आईने गॅस पेटवला."

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर अजितला बाजूला घेऊन झालेल्या उशिराबद्दल बरंच बोलले, पण ती नीट पार पडली. हिवाळ्यात पुस्तक छापून आलं. चित्रकाराने अस्वल फार मोठं काढलं होतं, ते अक्कांनी कळवून लहान करून घेतलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी माण तालुक्यातल्या एका शाळेतून बोलावणं आलं. अक्कांची जुनी विद्यार्थिनी तिथे मुख्याध्यापिका होती. अजितने आम्हाला गाडीने नेलं. माण म्हणजे कोयनेच्या अगदी उलट. जिकडे बघावं तिकडे उघडं माळरान, बाभळी आणि मेंढरं. बऱ्याच मुलांचे वडील मुंबईला कामाला, आणि शाळा सुटली की मुलं शेळ्या घेऊन जात. अक्कांनी वर्गात बसून शेवटची दोन प्रकरणं वाचून दाखवली. मुलं जमिनीवर, अक्का खुर्चीवर, मी मागच्या बाकावर.

वाचून झाल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "काही विचारायचं असेल तर विचारा." पुढे बसलेली कोमल नावाची एक मुलगी उठली. दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली.

"बाई, त्यांच्यासंगट शेरडं न्हवती?"

"नव्हती," अक्का म्हणाल्या. वर्गात त्या पुस्तकी बोलत.

"मग रानात गेली कशाला?"

"वासराच्या मागे."

"वासराच्या मागनं कोण जातंय? ते येतंय की आपलं आपण."

"आलंच ते," अक्का म्हणाल्या.

कोमलने यावर विचार केला. "आणि त्यास्नी पहिल्याच दिवशी का न्हाई खायाला दिलं? झाड तर म्होरंच हुतं."

मुख्याध्यापिका तिला गप्प बसवायला निघाल्या. अक्कांनी हाताने थांबवलं.

"मला उशिरा सुचलं," त्या म्हणाल्या. "मुलं माझ्यामुळे उपाशी राहिली."

कोमलला हे पटलं असावं. ती खाली बसली.

मग मुख्याध्यापिकांनी आंबे आणले. दहिवडीच्या बाजारातून मुद्दाम मागवले होते, कारण बाईंना आंबा किती आवडतो हे त्यांच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला माहीत होतं. ते मलाही माहीत होतं. उन्हाळ्यात अक्कांकडे गेलं की चहा मिळत नसे, आंबा मिळे. मोठ्या ताटात फोडी करून ताट अक्कांच्या समोर ठेवलं. अक्कांनी ते मुलांकडे सरकवलं.

"बाई, घ्या ना. तुमच्यासाठीच आणलेत."

"मी सोडलाय."

"डॉक्टरांनी सांगितलं का?"

"नाही. महाराजांसमोर सोडलाय. मागच्या पावसाळ्यात."

मी मागच्या बाकावरून उठून पुढे आले. त्या दुसऱ्या दिवशीच्या रिक्षाचा मला तेव्हा उलगडा झाला. कोमल मात्र ताटाजवळच उभी होती आणि तिला काहीच उलगडलेलं नव्हतं.

"कशापायी सोडला?" तिने विचारलं.

"सम्मेदला उंबर खाऊ द्यायचं ठरवलं ना, म्हणून."

"आता हो! त्यानं खाल्लं तर त्यानं सोडावा की आंबा. तुमी का?"

"तो लहान हाय गं," अक्का म्हणाल्या. वर्गात होत्या, तरी तसंच म्हणाल्या.

कोमलने एक फोड उचलली. मग अक्कांकडे बघून, जरा थांबून, दुसऱ्या हातात आणखी एक घेतली. रस तिच्या कोपरापर्यंत आला. अक्का पदराचं टोक हातात धरून तिच्याकडे बघत होत्या, पुसायला नव्हे, नुसत्याच.

"गोड हाय?" त्यांनी विचारलं.

तोंड भरलेलं होतं म्हणून कोमलने नुसती मान हलवली.

"मग खा," अक्का म्हणाल्या. "सावकाश खा. कोण न्हाई हातातनं काढून न्यायला येत."